तीन विरुद्ध दोन: एका मतदानाचा घटनाक्रम

बुधवार, १३ डिसेंबर २०१७. मतदानाला एक दिवस

न्यूयॉर्क राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल एरिक श्नायडरमन यांनी या दिवशी एक आकडा जाहीर केला: वीस लाख. 'नेट न्यूट्रॅलिटी'चे नियम ठेवायचे की काढायचे, यावर अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, लोकांकडून सूचना-हरकती मागवल्या होत्या. त्यांतल्या वीस लाखांपर्यंत सूचना खऱ्याखुऱ्या माणसांची नावे आणि पत्ते चोरून पाठवलेल्या होत्या. श्नायडरमन यांच्या कार्यालयाने नावे शोधण्याची सोय करून दिल्यावर पाच हजारांहून अधिक लोकांनी कळवले की आपल्या नावावर भलत्यानेच मत नोंदवले आहे. मतदान पुढे ढकला, आधी छडा लावू द्या, अशी मागणी श्नायडरमन यांनी केली. अठरा राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलनी मिळून तशाच मागणीचे पत्र पाठवले.

मतदान पुढे ढकलले गेले नाही.

या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते आणि तिच्याविषयी सगळ्यात कमी बोलले गेले. अमेरिकेत १९४६ पासूनचा कायदा आहे. नियामकाला नियम बदलायचा असेल तर आधी मसुदा लोकांपुढे ठेवायचा, त्यांचे म्हणणे मागवायचे, ते वाचायचे आणि मगच निर्णय घ्यायचा. आपल्याकडे विकास आराखड्यावर सूचना-हरकती मागवतात, त्याच जातीची ही रीत. लोकांनी न निवडलेली पाच माणसे कोट्यवधींच्या रोजच्या जगण्यावर परिणाम करणारा निर्णय घेतात, तेव्हा सामान्य माणसाला त्यात शिरायला एवढाच दरवाजा असतो. या खेपेला त्या दरवाजातून दोन कोटी वीस लाखांवर सूचना आल्या. त्यांतल्या कोणत्या माणसांच्या आणि कोणत्या यंत्रांच्या, हे ठरवल्याशिवाय निर्णय घेणे म्हणजे कोणाचेच न ऐकणे.

श्नायडरमन यांनी २१ नोव्हेंबरला कमिशनचे अध्यक्ष अजित पै यांना खुले पत्र लिहिले होते. पाच महिन्यांत निदान नऊ वेळा आम्ही तुमच्याकडे सर्व्हरच्या नोंदी मागितल्या, ठोस मदत मिळाली नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मे महिन्यात तर याहून विचित्र प्रकार घडला होता. विनोदवीर जॉन ऑलिव्हर यांनी ७ मेच्या कार्यक्रमात प्रेक्षकांना सूचना नोंदवण्याचे आवाहन केले आणि त्या रात्री कमिशनची नोंदणी यंत्रणा कोलमडली. आपल्यावर सायबर हल्ला झाला, असे कमिशनने सांगितले. असा हल्ला झालाच नव्हता, असा अहवाल कमिशनच्याच महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०१८ मध्ये दिला. माणसे बोलायला आली होती आणि त्यांना हल्लेखोर ठरवले गेले होते.

त्याच बुधवारी, दिवस मावळेपर्यंत

एका उजव्या विचारसरणीच्या संकेतस्थळावर पै यांचा छोटा व्हिडिओ आला. नियम गेल्यावरही इंटरनेटवर तुम्हाला करता येतील अशा सात गोष्टी त्यात होत्या. सांताक्लॉजच्या वेषात, हातात खेळण्यातली प्रकाशतलवार घेऊन ते जेवणाचे फोटो टाकता येतील, मालिका पाहता येतील, असे सांगत होते. शेवटी नाच होता. लक्षावधी माणसे गंभीरपणे एक प्रश्न विचारत असताना, निर्णयाला एक दिवस उरला असताना, त्या माणसांना दिलेले हे उत्तर पाहून मला आजही संताप येतो.

पै यांच्याविषयी मराठी वाचकाला थोडे कुतूहल वाटणे साहजिक आहे. भारतातून अमेरिकेत गेलेल्या कोकणी कुटुंबातला हा मुलगा कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या लहानशा गावात वाढला. आई-वडील दोघेही तिथल्या रुग्णालयात डॉक्टर. हार्वर्ड, शिकागोची लॉ स्कूल, मग सरकारी नोकऱ्या, मध्ये २००१ ते २००३ व्हेरायझन या दूरसंचार कंपनीत वकिली. ओबामांनी, रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्या शिफारशीवरून, त्यांना कमिशनवर नेमले आणि ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये अध्यक्ष केले. माणूस हुशार, अभ्यासू आणि मताचा पक्का. २०१५ मध्ये नियम झाले तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले होते आणि डिसेंबर २०१६ मध्ये, अध्यक्षपद मिळण्याआधीच, या नियमांची घटका भरत आली असल्याचे जाहीर भाषणात सांगितले होते. म्हणजे मे २०१७ मध्ये सूचना मागवण्याच्या आधीच निकाल त्यांच्या मनाशी ठरलेला होता.

हे नियम होते तरी काय? तुमच्या घरापर्यंत इंटरनेट आणणाऱ्या कंपनीने कायदेशीर मजकूर अडवायचा नाही, त्याचा वेग मुद्दाम कमी करायचा नाही आणि पैसे घेऊन कोणाला पुढे काढायचे नाही. टोलनाक्यावर टोल घ्यावा, पण गाडीत कोणाचा माल आहे ते पाहून कोणाला लगेच सोडायचे आणि कोणाला रांगेत सडवायचे, हे नाकेवाल्याने ठरवू नये, एवढेच. २००७ मध्ये कॉमकास्ट कंपनी बिटटोरंट या फाइल-देवाणघेवाणीच्या यंत्रणेची वाहतूक गुपचूप अडवत असल्याचे उघड झाले होते, त्यामुळे भीती काल्पनिक नव्हती. नियामकाने तेव्हा कॉमकास्टला फटकारले, पण तुम्हाला तसा अधिकार नाही, असे न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. नवे नियम झाले, ते जानेवारी २०१४ मध्ये व्हेरायझनच्या दाव्यात पडले. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते: दूरसंचार सेवेला घालता येतात ती बंधने घालायची असतील तर आधी इंटरनेटला दूरसंचार सेवा म्हणा. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी टॉम व्हीलर अध्यक्ष असताना कमिशनने तीन विरुद्ध दोन मतांनी तसे म्हटले, १९३४ च्या कायद्यातल्या 'टायटल टू' प्रकरणाखाली. जून २०१६ मध्ये न्यायालयाने ते उचलून धरले. अनेक वर्षांची कोर्टबाजी संपून नियम पक्क्या पायावर उभे राहिले ते दीडच वर्ष.

पै यांची बाजूही नीट मांडली पाहिजे. टेलिफोनच्या मक्तेदारीच्या काळातला कायदा इंटरनेटला लावल्याने कंपन्या गुंतवणूक करायला कचरतात, विशेषतः खेड्यांत सेवा देणाऱ्या लहान कंपन्या दबून जातात, असे त्यांचे म्हणणे होते. १९९६ पासून क्लिंटन यांच्या काळात ठरलेल्या सैल धोरणावरच इंटरनेट वाढले. कंपन्यांनी आपण काय करतो ते जाहीर करावे, आणि कोणी फसवले तर फेडरल ट्रेड कमिशन ही व्यापारविषयक संस्था कारवाई करील. ऐकायला हे वाजवी वाटते. पण ट्रेड कमिशन आगाऊ नियम घालत नाही, घडून गेल्यावर एकेका प्रकरणाचा पाठपुरावा करते. एखाद्या नव्या कंपनीची सेवा सहा महिने रांगेत सडवली गेली तर निकाल लागेपर्यंत ती उरतेच कुठे? बैल गेला नि झोपा केला, असा तो कारभार.

याच बुधवारी कमिशनचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी एरिक बर्गर यांनी आतल्या आत एक ईमेल पाठवला. नियम काढल्यावर कंपन्या लोकहिताच्या नसलेल्या कारणांसाठी मजकूर अडवू शकतील, अशी शंका त्यात होती. ही बातमी फुटली. त्या शंकेचे निरसन झाले, असे नंतर सांगण्यात आले.

त्याआधीचे ४८ तास

सोमवारी, ११ तारखेला, व्हिंट सर्फ, टिम बर्नर्स-ली, स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांच्यासह एकवीस जणांनी संसदेतल्या जबाबदार सदस्यांना पत्र लिहिले. मतदान रद्द करायला लावा, मसुद्याचा पाया इंटरनेट कसे चालते याच्या चुकीच्या समजुतीवर आहे. ज्यांनी इंटरनेटचे नियमच लिहिले, ज्यांनी वर्ल्ड वाइड वेब घडवले, ते हे सांगत होते. मंगळवारी मेरीलँड विद्यापीठाच्या पाहणीचा निष्कर्ष आला: दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वाचायला दिल्यावर ८३ टक्के लोक नियम काढण्याच्या विरोधात होते, रिपब्लिकन मतदारांतलेही चारातले तीन. कोलोरॅडोचे रिपब्लिकन प्रतिनिधी माइक कॉफमन यांनीही थांबा म्हणून पत्र धाडले. रेडिट, एट्सी, किकस्टार्टर यांनी आपापल्या पानांवर निषेध झळकवला.

सामान्य मतदारांत दोन्ही पक्षांचे लोक एका बाजूला असताना हा प्रश्न पक्षीय झाला कसा, हे आजही नीट उलगडत नाही. माझ्या मते याचे उत्तर कमिशनच्या रचनेत आहे. पाच जागा, त्यांतल्या एका पक्षाकडे जास्तीत जास्त तीन. राष्ट्राध्यक्ष बदलला की पारडे फिरते आणि मतदानाआधीच निकाल मोजता येतो.

त्या दिवसांत भारताची गोष्ट अगदी वेगळ्या वळणावर होती. वॉशिंग्टनमधल्या मतदानाच्या सोळाच दिवस आधी, २८ नोव्हेंबरला, ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाने, नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने ठाम शिफारशी केल्या होत्या. त्यामागे जवळपास तीन वर्षांचा झगडा होता. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरच्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी ट्रायने मते मागवली तेव्हा दहा लाखांवर ईमेल गेले. मग फेसबुकचे 'फ्री बेसिक्स' आले. मार्क झुकरबर्ग यांनी २०१५ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला होता: या योजनेमुळे त्याला हवामान आणि बाजारभाव कळू लागले. बाजारभाव कळणे चांगलेच. पण त्या शेतकऱ्याने कोणती संकेतस्थळे पाहायची हे कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने का ठरवावे, याचे उत्तर त्या लेखात नव्हते. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून साच्यातले लाखो संदेश ट्रायकडे पाठवले, तेव्हा ट्रायने हे संदेश उघडून वाचले आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीला कडक शब्दांत कळवले: विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे यात नाहीत, आणि सल्लामसलतीचे रूपांतर तुम्ही घडवून आणलेल्या कौलात करत आहात. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली. ट्रायच्या हातूनही चुका झाल्या, लाखो लोकांचे ईमेल पत्ते तिने सरसकट प्रसिद्ध करून टाकले. तरी आलेले कागद कोणी पाठवले आणि त्यांत काय आहे, हे पाहण्याचे काम तिने केले. वॉशिंग्टनमध्ये नेमके तेवढेच राहिले.

गुरुवार, १४ डिसेंबर. सकाळ

बाराव्या रस्त्यावरच्या कमिशनच्या इमारतीबाहेर थंडीत लोक फलक घेऊन जमले. आत कॅमेरे लागले.

१०:३०

सभेची ठरलेली वेळ. पुण्या-मुंबईत रात्रीचे नऊ वाजले होते. विषयपत्रिकेवर इतर कामेही होती, त्यांत पोलिसांवर हल्ला करणाऱ्याच्या शोधात मोबाइलवर इशारा पाठवणारी 'ब्लू अलर्ट' व्यवस्था. मग मुख्य विषय आला: दोनशेहून अधिक पानांचा आदेश, नाव 'रीस्टोअरिंग इंटरनेट फ्रीडम'.

मिन्यॉन क्लायबर्न बोलल्या. साउथ कॅरोलायनातून आलेल्या या ज्येष्ठ डेमोक्रॅट सदस्याने आदेशाला ग्राहकाचे नुकसान करणारा, कंपन्यांचे हात मोकळे करणारा आणि कायद्याच्या तराजूत हलका ठरणारा म्हटले. वंचित समाजांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, आपले म्हणणे स्वतः मांडायची जागा इंटरनेटने दिली आणि तीच आता कंपन्यांच्या मर्जीवर सोडली जात आहे, हा त्यांचा मुद्दा होता. रिपब्लिकन सदस्य मायकेल ओ'रायली आणि ब्रेंडन कार यांनी बाजू घेतली: आभाळ कोसळणार नाही, २०१५ च्या आधीही इंटरनेट चालत होतेच.

जेसिका रोझेनवॉर्सेल यांचे भाषण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्या केवळ नियमांवर बोलल्या नाहीत, प्रक्रियेवर बोलल्या. वीस लाख चोरलेली नावे, रशियन ईमेल पत्त्यांवरून आलेल्या पाच लाख सूचना, नोंदीतून गायब असलेल्या पन्नास हजार ग्राहक-तक्रारी. एवढे दोष समोर असताना आपण मत देत आहोत, आणि हा निर्णय घेऊन कमिशन इतिहासाच्या, कायद्याच्या आणि अमेरिकन जनतेच्या चुकीच्या बाजूला उभे राहत आहे, असे त्या म्हणाल्या. कोणी त्यांना खोडून काढले नाही. खोडण्याची गरजच नव्हती, कारण मते तीन होती.

पाऊण वाजून गेलेला

शेवटी अध्यक्ष पै बोलत होते. मध्येच ते थांबले. सुरक्षा विभागाच्या सल्ल्यावरून थोडा वेळ सभा थांबवत असल्याचे त्यांनी सांगितले. सगळ्यांना सामान जागेवर ठेवून बाहेर जायला सांगितले गेले. रिकाम्या सभागृहात कुत्री फिरवून झडती घेतली गेली. धमकी आली होती. सांगायला हवे की या काळात पै यांना आणि त्यांच्या कुटुंबाला अत्यंत हीन, वर्णद्वेषी शिव्याशाप झेलावे लागले. घराबाहेर मुलांचा उल्लेख करणारे फलक लावले गेले. ज्यांनी हे केले त्यांनी आपल्याच बाजूचे नुकसान केले आणि ते निंद्यच होते.

एक वाजल्यानंतर

माणसे परत आत आली. पै यांनी भाषण पुरे केले. मते घेतली गेली. पै, ओ'रायली, कार बाजूने. क्लायबर्न आणि रोझेनवॉर्सेल विरोधात. तीन विरुद्ध दोन.

अडवायचे नाही हा नियम गेला, वेग कमी करायचा नाही हा नियम गेला, पैसे घेऊन पुढे काढायचे नाही हाही गेला. त्याहून खोल गोष्ट: इंटरनेट पुन्हा 'माहिती सेवा' ठरले. म्हणजे कंपनीने उद्या काही केले तर दखल घेण्याचा आपला अधिकारच कमिशनने बहुतांशी सोडून दिला. राज्यांनी असे नियम करू नयेत, असेही आदेशात घातले. आपण पाहणार नाही आणि दुसऱ्यालाही पाहू देणार नाही.

त्यानंतर

आदेश ११ जून २०१८ रोजी लागू झाला. त्या दिवशी इंटरनेट नेहमीसारखेच चालले, आणि 'बघा, काही झाले का?' हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. उत्तर दीड महिन्यात कॅलिफोर्नियात मिळाले.

२७ जुलैला मेंडोसिनो परिसरात वणवे पेटले आणि पुढे साडेचार लाख एकरांवर पसरले. तोवरच्या नोंदींनुसार कॅलिफोर्नियाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी आग. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक संपर्क-गाडी तिथे होती. कोणता बंब कुठे, कोणते पथक कुठे, याचा मेळ त्या गाडीतून घातला जात होता आणि दिवसाला पाच ते दहा गिगाबाइट डेटा लागत होता. व्हेरायझनने तिचा वेग घटवला, नेहमीच्या दोनशेव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही खाली. दलाने कळवले की याचा आगीवर परिणाम होतो आहे. कंपनीच्या माणसाने महागडी योजना घ्यायला सांगितले. दुपटीहून अधिक पैसे मोजल्यावरच वेग परत आला. दलाच्या प्रमुखांनी हे सारे ऑगस्टमध्ये शपथपत्रावर न्यायालयात सांगितले.

कंपनीने चूक मान्य केली: आणीबाणीत मर्यादा उठवण्याची आमची पद्धत आहे, ती पाळली गेली नाही, आणि याचा नेट न्यूट्रॅलिटीशी संबंध नाही. दुसरीही गोष्ट नोंदवायला हवी. त्याच दलाच्या त्याच यंत्राचा वेग डिसेंबर २०१७ मध्येही, दक्षिण कॅलिफोर्नियात वणवे भडकलेले असताना, घटवला गेला होता, आणि तेव्हा जुने नियम अजून लागू होते. म्हणजे हे एकट्या मतदानामुळे घडले, असे म्हणता येत नाही. फरक एवढाच की जुन्या नियमांत अवाजवी वागणुकीविरुद्ध एक सर्वसाधारण कलम होते आणि ते बजावणारा नियामक होता. जुलै २०१८ मध्ये दल कंपनीशी ईमेलवरून घासाघीस करत राहिले, कारण वर दाद मागायला ती जागाच उरली नव्हती.

सार्वजनिक सुरक्षेला याचा धोका आहे, हे सांता क्लारा काउंटीने मतदानाआधीच्या सूचनांत लिहून पाठवले होते. दोन कोटी वीस लाखांच्या ढिगाऱ्यात ते खरे कागद होते. ते कोणी विचारात घेतले नाहीत. १ ऑक्टोबर २०१९ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आदेश बहुतांशी कायम ठेवला, पण सुरक्षेचा विचारच न केल्याबद्दल कमिशनला झापून तो भाग परत पाठवला, आणि राज्यांवर घातलेली सरसकट बंदी रद्द केली. सुरक्षेच्या बाबतीत मागाहून दंड करून उपयोग नसतो, तोवर जीव गेलेला असतो, हे न्यायालयाचे म्हणणे. ऑक्टोबर २०२० मध्ये कमिशनने तो भाग पुन्हा पाहिला आणि पुन्हा तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की काही बदलायची गरज नाही.

मे २०२१ मध्ये न्यूयॉर्कचा अंतिम अहवाल आला. बोगस सूचना वीस लाख नव्हत्या, जवळपास एक कोटी ऐंशी लाख होत्या. त्यांतल्या ८५ लाख ब्रॉडबँड उद्योगाच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आल्या होत्या, तिच्यावर ४२ लाख डॉलर खर्च झाले होते. कंपन्यांना फसवणुकीची थेट माहिती होती असा पुरावा मिळाला नाही, ठेकेदारांनी माणसांना न विचारताच नावे भरली होती. दुसऱ्या बाजूनेही हेच झाले. नियमांच्या समर्थनार्थ ७७ लाख सूचना एकट्या १९ वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याने बनावट नावांनी धाडल्या होत्या. जिने खरोखर बसून दोन परिच्छेद लिहिले, ती बाई या दोन्ही ढिगांखाली गाडली गेली.

एप्रिल २०२४ मध्ये, रोझेनवॉर्सेल अध्यक्ष असताना, कमिशनने नियम परत आणले. मते तीन विरुद्ध दोन. २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते रद्द केले: कायद्याचा अर्थ लावण्यात नियामकाला झुकते माप द्यायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ठरवले होते. आता नियम हवे असतील तर संसदेने कायदा केला पाहिजे.

मेंडोसिनोनंतर कॅलिफोर्नियाने वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस राज्याने स्वतःचा नेट न्यूट्रॅलिटी कायदा केला, केंद्र सरकारने त्याच दिवशी दावा ठोकला, आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला. २०१९ मध्ये आणखी एक कायदा झाला: आणीबाणीत बचाव पथकांच्या इंटरनेटचा वेग कोणत्याही कंपनीने कमी करायचा नाही.